तीन वाक्यांचा परीक्षक

बालविकास शिकवणाऱ्या प्राध्यापकबाईंना प्रयोगासाठी असा माणूस हवा होता, की ज्याच्या चेहऱ्यावरची माशी हलणार नाही. दोन विद्यार्थी त्यांनी बसवून पाहिले. पहिल्याच्या तोंडून दर ठोकळ्याला 'वा' निघायचं. दुसरी मुलांपेक्षा स्वतःच जास्त घाबरायची. शेवटी एका सकाळी चहा पिताना बाईंचं लक्ष समोर गेलं आणि काखेत कळसा सापडावा तसं झालं. समोर त्यांचे वडील, अप्पा, वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत बसले होते.

अप्पांनी जन्मभर शाळेत गणित शिकवलं होतं. हाडाचे मास्तर. वर्गात त्यांच्याकडे दोनच शब्द असायचे, 'बरोबर' आणि 'चूक', आणि दोन्ही एकाच पट्टीत. घरीही काही निराळं नव्हतं. लहानपणी बाई गणितं सोडवून वही त्यांच्यापुढे ठेवत. अप्पा खूण करून वही परत देत, बोलत काही नसत. आई गेल्यावर ते लेकीकडे राहायला आले. तेव्हापासून घरातली घड्याळं वेळेवर चालायला लागली, एवढाच काय तो फरक, असं जावईबापू गमतीनं म्हणत.

"अप्पा, माझं एक काम कराल?" बाईंनी विचारलं. "मुलांसमोर गप्प बसायचंय."

"त्यात काय अवघड आहे?" अप्पा म्हणाले.

प्रयोग साधा होता. मुलासमोर लाकडी रंगीत ठोकळे आणि एक चित्र ठेवायचं, आणि चित्रातल्यासारखी रचना करायला सांगायची. रचना मुद्दामच वयाला जरा जड जाईल अशी निवडली होती. मूल किती वेळ झटतं आणि कधी सोडून देतं, ते मोजायचं. अर्धी मुलं पाच वर्षांची, अर्धी सात वर्षांची. परीक्षकाला तीनच वाक्यांची मुभा: 'हे चित्र बघ आणि तसंच कर', 'तुला हवा तेवढा वेळ घे' आणि 'झालं की मला सांग'. शाबासकी नाही, सूचना नाही, हसणंसुद्धा नाही.

अप्पांनी ती वाक्यं पाठ केली. इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून ते रोज लेकीबरोबर महाविद्यालयात जाऊ लागले. दुसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत बुटकी टेबलं आणि त्याहून बुटक्या खुर्च्या होत्या. एका खुर्चीत अप्पा गुडघे हनुवटीशी घेऊन बसत. मुलं त्यांना ठोकळेआजोबा म्हणायला लागली. बाई मात्र मुद्दाम तिकडे फिरकत नसत. आपण आत असलो तर मुलं आपल्याकडे बघतील, हे त्यांना माहीत होतं.

खोलीत दोन कॅमेरे होते. एक मुलाच्या हातांवर आणि चेहऱ्यावर रोखलेला. दुसरा कोपऱ्यात, सगळी खोली दिसेल असा, पहिला बिघडला तर हाताशी असावा म्हणून. पहिल्या कॅमेऱ्यातलं चित्रण बघून नोंदी करायचं काम बाईंच्या हाताखाली पीएचडी करणाऱ्या विद्यार्थिनीकडे होतं. दुसऱ्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नव्हतं.

निम्मी मुलं झाल्यावर विद्यार्थिनी बाईंच्या खोलीत आली.

"मॅडम, आकडे उलटे येतायत. पाच वर्षांची मुलं सात वर्षांच्यांपेक्षा जास्त वेळ टिकतायत. आणि रचनाही पुरी करतायत."

बाईंनी तक्ता दोनदा तपासला. मग त्या चक्क खूश झाल्या. आजवरची पुस्तकं जे सांगत आली त्याच्या विरुद्ध काहीतरी हाती लागत होतं. त्यांच्या डोक्यात शोधनिबंधाचं शीर्षकही तयार झालं.

"छान आहे की," त्या म्हणाल्या.

"छान आहे," विद्यार्थिनी चाचरत म्हणाली, "पण ही छोटी मुलं ठोकळा उचलला की आधी वर बघतात. सगळी. मला वाटलं, दुसरा कॅमेराही एकदा बघावा."

दोघींनी तो लावला. पडद्यावर पाच वर्षांची एक मुलगी आली, एक मोजा घोट्यावर घसरलेला. तिनं निळा ठोकळा उचलला. तो चुकीचा होता. अप्पा छताकडे बघू लागले. तिनं तो ठेवून लाल उचलला, आणि टेबलाखाली अप्पांच्या बुटाचं टोक टकटक हललं. थोड्या वेळानं मुलगी अडली, तिचे ओठ थरथरायला लागले. अप्पा पुढे झुकले आणि म्हणाले, "तुला हवा तेवढा वेळ घे." वाक्य ठरलेलंच होतं. पण आवाज असा, की जणू सगळी दुपार त्यांनी तिच्या नावावर करून टाकली होती. मुलीनं नाक पुसलं आणि पुन्हा ठोकळ्यांना भिडली.

अनोळखी प्रसंगी मूल आधी जवळच्या मोठ्या माणसाचा चेहरा वाचतं आणि मग पाऊल टाकतं, हे बाई दर वर्षी शिकवत. इथे मुलं बूटसुद्धा वाचत होती.

सात वर्षांच्या मुलांचं चित्रण त्यांनी लावलं. तिथे अप्पा भिंतीसारखे बसले होते. छत नाही, बूट नाही. तीच तीन वाक्यं, कोरडी ठणठणीत. त्या अप्पांना बाई चांगल्या ओळखत होत्या. आधीच्या अप्पांना त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. घसरलेल्या मोज्याच्या त्या मुलीचा त्यांना क्षणभर राग आला, आणि तो आला आहे हे त्यांनी ओळखलंही. विद्यार्थिनी शेजारी बसली होती. बाईंनी तिला फाइल बंद करायला सांगितली.

संध्याकाळी अप्पा स्वयंपाकघरात मटार सोलत बसले होते. बाईंनी लॅपटॉप आणून टेबलावर ठेवला.

"अप्पा, नियम काय ठरला होता?"

"तीन वाक्यं. चौथं बोललो असेन तर दाखव."

"चौथं नाही बोललात. पण बूट बोलला."

"बूट?"

बाईंनी चित्रण लावलं. अप्पांनी हात पुसले, चष्मा चढवला आणि परक्या विद्यार्थ्याचा पेपर तपासावा तसं ते शेवटपर्यंत पाहिलं. मध्ये एकदा मागे घ्यायला सांगितलं. मग चष्मा काढला.

"हा माणूस मदत करतोय," ते म्हणाले.

"हो."

"मग हे सगळं रद्द कर."

"करणारच आहे."

"मला कळलंसुद्धा नाही गं." त्यांनी एक शेंग उचलली, पण सोलली नाही. "तुझं मोठं नुकसान झालं का?"

"वेळ गेला. बाकी काही नाही." बाईंनी लॅपटॉप मिटला. "मोठ्या मुलांना मात्र नाही केलीत मदत."

"मोठ्यांना काय करायची? त्यांना कळतं."

"मी मोठी होते का?"

अप्पांनी तिच्याकडे पाहिलं. "तू एवढीशी होतीस तेव्हा मी सकाळी एक शाळा आणि संध्याकाळी दुसरी करायचो. घरी यायचो तेव्हा तू झोपलेली, निघायचो तेव्हाही झोपलेली. दुसऱ्या शाळेची नोकरी सुटली आणि बघतो तर तू गणितं घेऊन समोर उभी. मला भेटलीस तेव्हा मोठीच झाली होतीस."

एका माणसाच्या आठवणीवरून काहीही सिद्ध होत नाही, असं बाई नव्या विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला बजावत. त्यांनी टोपली आपल्याकडे ओढली आणि दोघांनी मिळून उरलेल्या शेंगा संपवल्या.

प्रयोग नव्यानं झाला. नवी मुलं बोलावली, टेबलावर मध्ये पुठ्ठ्याचा आडोसा लावला, आणि वाक्यं ध्वनिमुद्रित करून ऐकवली. आकडे सरळ आले. सात वर्षांची मुलं जास्त टिकली, पुस्तकांत लिहिलं होतं अगदी तसंच. निबंध एका छोट्या नियतकालिकात छापून आला आणि फारसा कुणी वाचला नाही. संशोधनाच्या पद्धतींवरच्या तासाला मात्र बाईंना ते जुनं चित्रण दाखवायचं होतं. चित्रणातल्या मुलीच्या आईनं लेखी परवानगी दिली. अप्पांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "दाखव. पण परीक्षक अनुभवी होता हे सांग. नाहीतर पोरांना वाटेल, नवशिक्यांच्याच हातून असं होतं."

त्या दिवशी ते स्वतःही आले आणि शेवटच्या बाकावर बसले. बूट हलला तशी मुलं हसली. अप्पा हसले नाहीत. तासभर हाताची घडी घालून ऐकत राहिले.

वर्ग रिकामा झाल्यावर ते पुढे आले.

"तू बोलताना उजवीकडच्यांकडेच बघतेस," ते म्हणाले. "डावीकडची पोरं झोपतात."

"आणि बाकी?"

अप्पांनी थोडा विचार केला. "बाकी ऐकण्यासारखं होतं."

पुढच्या तासाला बाईंनी मुद्दाम डावीकडे पाहिलं. भिंतीला टेकून दोघं खरंच गाढ झोपले होते.