सरांचा पाचवा शह

नवापूरच्या रॅपिड स्पर्धेत चौथ्या फेरीत हिलालची गाठ इमॅन्युएल सरांशी पडली. अख्ख्या तालुक्यात रेटिंग असलेले खेळाडू हे दोघेच. खांडबाऱ्याच्या शाळेत सरांनीच त्याला बुद्धिबळ शिकवलं होतं. आता हिलाल विसरवाडीला विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करायचा, सर निवृत्त होऊन घरी होते. इतक्या वर्षांत त्याला सरांना एकदाही हरवता आलं नव्हतं.

आजही सरांनी त्याला कोंडीत धरलं. वजिराने शह दिला. हिलालचा राजा कोपऱ्यात सरकला. आता हत्ती आणला की खेळ खलास. पण सरांनी दुसऱ्या बाजूने वजिराचाच शह दिला. राजा होता तिथे परत आला. मग पुन्हा पहिलाच शह.

सर खेळवताहेत आपल्याला, असं हिलालला वाटलं. तिसऱ्यांदा तीच मांडणी आली, म्हणजे आता बरोबरी मागायचा त्याला हक्क होता. त्याने वर पाहिलं. सरांच्या चेहऱ्यावर नवी चाल सुचल्याचा आनंद होता, पहिल्या वेळी होता तसाच.

हिलालने सरांच्या हत्तीकडे बोट केलं.

"सर, तठे हत्ती शे ना तुमना," तो हळूच म्हणाला.

"ओ, खेळताना बोलायचं नाही," पंच ओरडले.

सर भडकले. "मला शिकवतोस? गप खेळ." आणि त्यांनी वजीर उचलला.

बरोबरी मागायला हिलालची जीभ रेटेना. पाचव्यांदा तेच झालं, तेव्हा नियमाप्रमाणे पंचांनीच घड्याळ थांबवलं. "बरोबरी."

"बरोबरी कशी?" सर म्हणाले. "आत्ता कुठे पहिला शह दिलाय मी."

बाहेर सरांच्या पत्नी एस्तेरबाई बसल्या होत्या. हिलाल त्यांच्याजवळ जाऊन बसला, पण सांगायचं कसं ते कळेना.

"समजलं ना तुला?" त्याच म्हणाल्या. "सुरतचे डॉक्टर म्हणतात, हे आता वाढतच जाणार. घरी सगळं विसरायचे, पण पटावर बसले की पहिल्यासारखे व्हायचे. तेवढंच उरलं होतं रे."

तेवढ्यात सर बाहेर आले. हिलालला बघून त्यांचा चेहरा खुलला.

"अरे, तूही आलायस? आपली फेरी लागली का?"

"नाही सर," हिलाल म्हणाला. "अजून नाही."

आत पुढच्या फेरीची नावं पुकारू लागले. सर लगबगीने वळून आत गेले. त्यांना थांबवायला दोघांपैकी कुणीच उठलं नाही.