गल्लीला वळण लावणारा पाईप

मित्रांनो, मी एक जुना रबरी पाईप आहे. कधीकाळी हिरवागार होतो, आता उन्हाने पार विटलो आहे. पण मला कमी लेखू नका. आमच्या घरापुढच्या फुलझाडांच्या पट्ट्याची कड मी आखली आहे!

कारखान्यात तापलेल्या रबरातून माझा जन्म झाला. घरच्या दादांनी मला दुकानातून आणले. रोज सकाळी मी त्यांची गाडी धूत असे. "काय जोर आहे पाण्याला!" असे ते शेजाऱ्यांना सांगत, तेव्हा मी अभिमानाने फुगून जाई. पुढे माझे अंग ताठरले. जरा वळवले की मी मुडपे आणि पाणी अडे. मग नवा पाईप आला आणि मी कुंपणावर लटकलो. माझी विचारपूस करायला फक्त मुंग्या येत.

कुंपणालगत मातीचा ओसाड पट्टा होता. तिथे फरशी घालून गाडी लावायचा दादांचा बेत होता. पण त्यांची थोरली बहीण, शिवणकाम करणारी अक्का, आडवी आली.

"इथं मला वर्षानुवर्षं फुलणारी झाडं लावायचीत."

"चार कुंड्या ठेव की, अक्का!"

"कुंड्या नकोत. दोन वर्षं दे. नाही फुललं, तर घाल तुझी फरशी."

अक्काने मला उन्हात पसरले. ऊब लागताच मी सैल झालो. मग माझ्याच अंगाने ती पट्ट्याची कड आखू लागली. मला आत-बाहेर सरकवायची, रस्त्यावरून बघायची, खिडकीतून बघायची.

"अहो अक्का, सरळ रेघ मारा की," दादांच्या पत्नी, आमच्या वहिनी म्हणाल्या.

"बाही सरळ कापली, तर हात वर होईल का गं?"

शेवटी वळण मनासारखे जमले. माझ्या कडेने पांढऱ्या फक्कीची रेघ पडली. मागे उंच कर्दळ, मध्ये शेवंती, पुढे बुटकी लिली. एकीचा बहर सरला की दुसरीचा सुरू व्हावा, असा अक्काचा हिशेब.

पहिल्या वर्षी मात्र माती जास्त आणि पाने कमी. "काड्या छान आल्यात हं!" दादा चिडवत. एकदा तर मोजमापाला गवंडीच आला. अक्का कमरेला पदर खोचून पट्ट्यात उभी राहिली. "मुदत संपली नाही अजून!" गवंडी आल्या पावली परतला.

आणि दुसऱ्या वर्षी, मित्रांनो, पट्टा असा फुलला की येणारेजाणारे थबकू लागले! दादा कितीतरी वेळ बघतच राहिले. "अक्का, जिंकलीस गं. गाडी राहील रस्त्यावर."

"मी एकटी नाही रे, मुळं जिंकली. वर्षभर खाली कामाला लागली होती ती."

आता शेजारीपाजारी मला मागून नेतात. अंगणाअंगणांत फुलांच्या कडा आखल्या जात आहेत. म्हणून सांगतो, जुने म्हणून कुणाला फेकू नका आणि लगेच फुलले नाही म्हणून काही उपटू नका. आईवडील मुलांना वळण लावतात. मी तर अख्ख्या गल्लीला लावले!