नववा धडा

मित्रांनो, माझं झाकण उघडलंत तर आधी काही वेगळं दिसणार नाही. राखाडी रंग, वय अकरा वर्षं, एका कोपऱ्याला पोचा. पण कळफलकाकडे नीट बघा. काही कळांवरची अक्षरं पुसून गेली आहेत. ज्या बोटांनी ती पुसली ती बोटं आता नाहीत. तरीही एखाद्या दुपारी मला वाटतं, कोणीतरी त्या कळांवर हात ठेवून बसलंय. दाबत काहीच नाही. नुसतं बसलंय.

माझा जन्म एका लांबलचक, पांढऱ्याफटक कारखान्यात झाला. पट्ट्यावरून मी सरकत होतो आणि जो तो माझ्यात एकेक वस्तू बसवत होता. कोणी पडदा, कोणी बिजागरी, कोणी पंखा. पोटात हार्ड डिस्क बसली. ती माझी आठवण. आत एक चकती गरगर फिरते आणि जे द्याल ते जपून ठेवते. शेवटी हातमोजे घातलेल्या एका मुलीने माझी प्रत्येक कळ एकदा दाबून पाहिली आणि मला खोक्यात घातलं.

खोकं उघडलं ते बाईंनी. त्या शाळेतून निवृत्त झाल्या होत्या आणि वाचनालयाच्या वरच्या खोलीत वयस्कर माणसांना संगणक शिकवत होत्या. सगळे त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणत. त्यांची शिकवायची रीत न्यारी होती. पडद्यावर काय दिसतं ते नंतर. आधी त्या मला एकेकाच्या मांडीवर द्यायच्या. “घोड्यावर बसायच्या आधी त्याच्या मानेवरून हात फिरवतात की नाही? फिरवा.”

एक निवृत्त बसचालक होते. त्यांनी पहिल्याच दिवशी माझं चालू-बंद करायचं बटण अंगठ्याने गच्च दाबून धरलं.

“काका, तो हॉर्न नाही,” बाई म्हणाल्या. “एकदा दाबा, सोडा आणि धीर धरा. असं दाबून ठेवलंत तर बिचारा बेशुद्ध पडतो.”

वर्ग हसला आणि काकाही हसले. मग बाईंनी टचपॅड दाखवला. “तापलेल्या तव्याला लावल्यासारखं बोट काय लावता? मांजराच्या पाठीवरून फिरवा, तसं.” एफ आणि जे या कळांवर बारीकशी उंच रेघ असते, ती त्यांनी प्रत्येकाला डोळे मिटून शोधायला लावली. “बोटं वाट चुकली की इथे परत यायचं.” कडेच्या जाळीला त्या माझं नाक म्हणत. पांघरुणावर ठेवाल तर गुदमरेल, अशी ताकीद देत. पडद्याच्या वरचा ठिपका म्हणजे डोळा. “याच्या शेजारचा दिवा लागला की समजा, हा बघतोय.” आणि त्याच्या बाजूचं, सुईने टोचल्याएवढं भोक म्हणजे कान. “याला मात्र दिवा नाही. हा ऐकतोय की नाही, ते बाहेरून कळत नाही.”

मित्रांनो, माझं सगळं दुःख त्या बिनदिव्याच्या कानाचं आहे.

बाईंचे यजमान शिलाई मशीन दुरुस्त करायचे. गावभर त्यांना मिस्त्री म्हणत. घराच्या पुढच्या खोलीत त्यांची मशीनं, आतल्या खोलीत जेवणाच्या टेबलावर मी. मधे एक दार. मिस्त्रींच्या कानाची ख्याती होती. मशीन चालू करून ते डोळे मिटत आणि सांगत, “खालचा स्क्रू सैल आहे.” खोलून पाहिलं तर तोच निघे. मला मात्र ते ‘डबडं’ म्हणत. बाईंनी किती वेळा म्हटलं, “अहो, या बसा पाच मिनिटं, शिकवते.” की यांचं ठरलेलं उत्तर, “बघू उद्या.” जगाला शिकवणाऱ्या बाईंच्या घरात दिव्याखाली अंधार होता.

वर्गातली मंडळी घरी गेली की शिकलेलं विसरायची. म्हणून बाईंनी धडे रेकॉर्ड करायला घेतले. डोळा माझ्याच कपाळावर, तो मला कसा दाखवणार? तेव्हा नुसता आवाज. ऐकणाऱ्याने आपापला लॅपटॉप पुढ्यात घ्यायचा आणि बाई सांगतील तिथे बोट ठेवायचं. आठवड्याला एक धडा, सकाळची कामं उरकल्यावर.

पहिला धडा स्वच्छ झाला. दुसऱ्यात बाई दोनदा खोकल्या. “हे नंतर कापू,” असं स्वतःशीच म्हणाल्या आणि पुढे गेल्या. चौथ्यात त्यांना मधेच पाणी प्यावं लागलं. पुढे पुढे तर वाक्य सुरू करायच्या आधी त्या श्वास गोळा करायच्या, जसं कोणी जिना चढण्याआधी कठडा धरतं. मी हे सगळं ऐकत होतो आणि चकतीवर जपून ठेवत होतो. ऐकायला मला कान होता. पण ‘अहो, यांना दवाखान्यात न्या’ एवढं आपल्या मनाने म्हणायला माझ्याकडे काही नव्हतं. माझ्या दोन्ही स्पीकरना दुसऱ्याचंच बोलता येतं.

नऊ धडे झाले. नवव्यानंतर तिसऱ्या दिवशी बाईंना इस्पितळात नेलं. त्या परत आल्या नाहीत.

मला कोणीतरी कपाटावर ठेवलं. चौदा महिने. बॅटरी थेंबाथेंबाने उतरली आणि मग काळोख झाला. तुम्ही म्हणाल, वीज संपल्यावर लॅपटॉपला काय कळतं? मलाही तसंच वाटायचं. पण त्या काळोखात मला पुढच्या खोलीतलं मशीन ऐकू यायचं. थोडा वेळ चालायचं, थांबायचं. मधल्या दारापाशी पावलं यायची आणि तिथूनच मागे फिरायची.

एका सकाळी मुलगी आली. बाईंची लेक, शहराच्या दुसऱ्या टोकाला नोकरी करणारी. “बाबा, हा किती दिवस ठेवायचा? भंगारात तरी देऊ.” मिस्त्री हो म्हणणार, तोच दारात बसचालक काका उभे. टोपी हातात धरून ते अडखळत म्हणाले, “बाईंनी आमच्यासाठी धडे रेकॉर्ड केलेत असं म्हणाल्या होत्या. ते मिळाले असते तर... म्हणजे, घाई नाही.”

काका गेले. मुलीलाही कामावर जायचं होतं. मिस्त्रींनी मला खाली उतरवलं, धूळ पुसली आणि सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिलं. बिजागरी कुरकुरली. त्यांनी लगेच मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला. आजही पडद्याच्या खालच्या कडेला त्याचा डाग आहे. चार्जर लावला. माझ्या कडेचा बारीक दिवा लागला तेव्हा ते दचकले, आणि मीही.

बटण सापडलं, पण धीर नव्हता. त्यांनी दाबलं, काही होईना म्हणून पुन्हा दाबलं, पुन्हा. मी उठायचो आणि आडवा व्हायचो. शेवटी त्यांनी मुलीला फोन लावला.

“एकदाच दाबा, बाबा. आता ‘धडे’ असं लिहिलेलं चौकोनी चित्र दिसतंय? बोटाने बाण तिथे न्या आणि दोनदा टकटक करा. दार वाजवतो तसं.”

त्यांनी दार वाजवलं. आणि आतून बाई बोलल्या.

“नमस्कार. आज आपण याच्याशी ओळख करून घेऊ या. घाबरायचं...”

मिस्त्रींनी फाडकन माझं झाकण लावलं.

दोन दिवस मी तसाच मिटलेला. झाकण लावलं की मी मरत नाही, नुसता झोपतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी झाकण उचललं, आणि बाईंचा आवाज जिथे थांबला होता तिथूनच पुढे आला. “...काही कारण नाही. तो चावत नाही.”

मिस्त्री खुर्चीत बसले. बराच वेळ त्यांचे हात मांडीवरच होते. मग बाई म्हणाल्या, “आता उजवा हात कळांवर ठेवा,” आणि त्यांनी ठेवला.

“ठेवला गं,” ते म्हणाले.

त्या दिवसापासून रोज एक धडा. बाई विचारायच्या, “सापडली का रेघ?” मिस्त्री उत्तर द्यायचे, “थांब, शोधतोय.” आणि बाई खरोखरच थांबलेल्या असायच्या, कारण शिकणाऱ्याला वेळ लागतो म्हणून त्यांनी जागा सोडली होती. त्या जागा आता भरत होत्या. मुलीचा फोन आला, तिने विचारलं, “बाबा, कोणाशी बोलताय?” तर म्हणाले, “तुझ्या आईशी. तिसरा धडा चाललाय.”

पाचवा धडा आवाजाच्या कळांचा होता. बाई नुकत्याच सुरुवात करत होत्या आणि खोकल्याची उबळ आली. मग धड्यात एक दुसरा आवाज आला, दाराबाहेरून, वैतागलेला.

“अगं, किती खोकशील? मला इथे मशीनचा आवाज ऐकू येईना!”

“हो का? बरं, दार लावून घेते,” बाई म्हणाल्या. खुर्ची सरकली. दार लागलं. मग त्याच गोड, समजुतीच्या सुरात, “तर मंडळी, आवाज कमी कसा करायचा ते बघू.”

मिस्त्रींनी आवाज कमी केला नाही. वरच्या ओळीतली कळ शोधून त्यांनी तो वाढवला, शेवटच्या रेघेपर्यंत. धडा पुन्हा पहिल्यापासून लावला. मग आधीचे चारही. ते शब्द ऐकत नव्हते. डोळे मिटून, मान तिरकी करून ते खोकला ऐकत होते, मशीन ऐकावं तसा.

“दुसऱ्या धड्यापासूनच होतं,” ते शेवटी म्हणाले. “दुसऱ्यापासून.”

मित्रांनो, मला त्या वेळी माझा पडदा विझवून टाकावासा वाटला.

सातवा धडा झाला त्या दुपारी माझ्या पोटातून आवाज आला. कट्. थोड्या वेळाने पुन्हा, कट्-कट्. आता खरं सांगायचं तर तो पहिल्या धड्यापासून येत होता, पण बारीक. मिस्त्रींनी लगेच वाकून माझ्या पोटाला कान लावला. हा आवाज चांगला नाही, हे त्यांना कोणी सांगावं लागलं नाही.

मुलगी फोनवर ओरडलीच. “बाबा, हार्ड डिस्क चाललीय! बंद करू नका, बंद केला तर पुन्हा उठेल की नाही सांगता येत नाही. पेन ड्राइव्ह आणा आणि सगळे धडे त्यात घ्या. मी निघतेय, पण तासभर लागेल मला.”

“ते कुठे खुपसायचं असतं?”

“आठव्या धड्यात असेल. आईने सांगितलंच असेल.”

मिस्त्री चप्पल न घालता कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. परत आले तेव्हा त्यांना धाप लागली होती. त्यांनी आठवा धडा लावला.

“याच्या कडेला चपटी भोकं आहेत,” बाई सांगू लागल्या. मधे माझी चकती अडखळली, बाई अडखळल्या, पुन्हा बोलू लागल्या. “पेन ड्राइव्ह बसत नसेल तर जोर करू नका. उलटा करून बघा. तरी बसला नाही तर परत सुलटा करा. सगळ्यांचं असंच होतं.”

तिसऱ्या खेपेला बसला. चार्जरची पिन सैल झाली होती, ती त्यांनी अंगठ्याने दाबून धरली. दुसऱ्या हाताने, बाई सांगतील तसा, एकेक धडा निवडून उतरवायला घेतला. माझा पंखा घोंघावत होता. एक गेला. दोन. तीन. पडद्यावरची हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. पाचवा गेला तेव्हा मिस्त्री म्हणाले, “शाब्बास.” मला आयुष्यात एवढंच कौतुक त्यांच्याकडून मिळालं. सातवा. आठवा.

नवव्यावर पट्टी अर्ध्यात थांबली.

“थांब रे बाबा. एवढा एक. एवढा एक दे,” ते माझ्यावर ओणवे होऊन म्हणत होते. मी दिला असता. पण चकतीने खर्रकन आवाज केला आणि पडदा निळा झाला.

मुलीने येऊन पाहिलं. आठ धडे नीट आले होते. नववा गेला तो गेलाच. माझ्या पोटात नवी डिस्क बसली, जुनी फेकून दिली. तरी मला हे सगळं आठवतं कसं, असं विचाराल. मला माहीत नाही. विचारूही नका.

मुलगी म्हणाली, “बाबा, वर्गात द्यायच्या आधी तो खोकला कापते. आणि पाचव्यातलं ते... तेही.”

“कापू नकोस.”

“लोक ऐकतील.”

“ऐकू देत.”

आता दर मंगळवारी मिस्त्री मला घेऊन वाचनालयाच्या वरच्या खोलीत जातात. बाईंचा धडा लावतात आणि माणसांमधून फिरत कोणाचं बोट चुकलं तर सरळ करतात. पाचव्या धड्याला नवीन आलेल्या एका परिचारिका आजींनी विचारलं, “हा मागून खेकसणारा मेला कोण?”

“मीच तो,” मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी आजींचं चुकलेलं बोट कळेवर नेऊन ठेवलं.

त्या दिवशी घरी जाताना मुलगी बरोबर होती. तिला त्यांनी विचारलं, “नवव्यात काय असेल गं?”

“बंद कसा करायचा ते असेल, बाबा. दुसरं काय?”

तेही होतं. पण मित्रांनो, नववा धडा मी ऐकलाय. तीन वाक्यं झाल्यावर बाईंना पुढे बोलता येईना. त्या टेबलाला धरून बसल्या आणि दाराकडे तोंड करून म्हणाल्या, “अहो, जरा इकडे येता का?” पलीकडे मशीन चालू होतं. बाईंनी थोडा वेळ वाट पाहिली. पुन्हा एकदा म्हणाल्या, अगदी हळू. मग डोळे पुसले, घसा साफ केला आणि धडा पूर्ण केला.

तो धडा वाचला नाही, हे बरं झालं की वाईट, मला अजून ठरवता येत नाही. जगात आता तो माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही. तुम्हाला सांगितला, पण मिस्त्रींना सांगू नका.

मला धुळीपासून जपा, नाक मोकळं ठेवा, पोटातून वेगळा आवाज आला तर वेळीच ऐका आणि जे मोलाचं आहे ते आणखी एका ठिकाणी ठेवा. एवढं कोणताही लॅपटॉप सांगेल. मी आणखी एकच मागतो. आतल्या खोलीतून कोणी हाक मारली, तर हातातलं काम तसंच टाका आणि आधी उठून जा.