चिनी मातीचं अंडं

वाडग्याच्या कडेवर तिसऱ्यांदा आपटलं तरी अंडं फुटेना — उलट वाडग्याचाच टवका उडाला. बाई गं, हा आता भरून द्यावा लागणार, हा पहिला विचार. आणि मग हातातलं हे पांढरं, गुळगुळीत, नको इतकं जड असं काय आहे, हा दुसरा. चिनी मातीचं अंडं. तव्यावरचं तेल धुरायला लागलेलं, आणि ती आपली अंडं उलटसुलट करून बघत उभी.

शेतावरची सुट्टी. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे गोठा. दूध-अंडी शेतमालकांची, रांधणं आपलं. म्हणजे घरी करायचं तेच, फक्त परक्या भांड्यांत आणि बोथट सुरीनं, आणि वर याला विश्रांती म्हणायचं. पण यंदा तिनं कुरकुर केली नव्हती. कारण आज शेवटचा दिवस होता, आणि जेवणं झाली की लेकीला, चिमणीला, सांगायचं ठरलं होतं — बाबा आता आपल्याबरोबर राहणार नाहीत, त्यांनी दुसरीकडे जागा घेतलीय. ‘सुट्टी तरी तिची नीट जाऊ दे,’ नवरा म्हणाला होता, आणि तिनं मान हलवली होती. हल्ली ती सगळ्यालाच मान हलवायची.

तो ओट्याशी ताटं पुसत होता. लग्नाला बारा वर्षं झाली. कधी स्वतःचा पेला न विसळलेला हा माणूस आठवडाभर न सांगता भांडी पुसतोय, अगदी कडांपर्यंत... जातानाच बरं सुचतं रे तुला हे. त्याचा हा चांगुलपणाच तिला सोसवत नव्हता. भांडला असता तर निदान सोबत तरी झाली असती.

मालकीणबाई दुधाची किटली घेऊन दारात आल्या आणि अंडं बघून हसल्या.

“अहो ताई, हे खुराड्यातलं. लेकीनं उचललं वाटतं. हे असलं की कोंबड्या तिथेच येऊन घालतात, नाहीतर गवतात कुठेही घालत सुटतात.”

“त्यांना कळत नाही, खोटं आहे ते?”

“कळत असेलही. मला थोड्याच सांगायला येतायत,” म्हणत त्या किटली ठेवून गेल्यासुद्धा.

गॅस बंद करून, अंडं हातात घेऊन ती निघाली. “मी येऊ?” नवऱ्यानं विचारलं — हेही हल्लीचंच. “नको,” म्हणून ती शेणाच्या वासातून, ट्रॅक्टरला वळसा घालून चालत राहिली. पहिल्या भाड्याच्या घरातली सुरीही अशीच बोथट होती. टोमॅटो चिरायला घेतला की चिरडायचा, आणि तो हसून हसून फरशीवर बसायचा, आणि मीही — कुठे गेली ती दोघं? कुणी हाकललं नाही त्यांना. आम्ही तर घरातच होतो.

चिमणी खुराड्यापाशी उकिडवी बसली होती.

“हे तू आणलंस?”

“हो.”

“खोटं आहे गं ते.”

“माहितीये. किती जड आहे. मला लगेच कळलं.” ती काडीनं माती उकरत होती. “पण बाकीची सगळी नेली ना, मग ते एकटंच राहत होतं. म्हणून घेतलं.” आणि वर न बघताच, “तुम्ही आत्ता सांगणार आहात, की जेवल्यावर?”

कुणी सांगितलं, कधीपासून माहीत आहे — काही विचारावंसं वाटेना. तिला फक्त हा आठवडा आठवत राहिला... उशीला लावून ठेवलेली उशी, फोटोत त्याच्या खांद्यावर टाकलेला हात, उठता-बसता ‘ए, ऐक ना’. चिमणीसाठी चाललंय सगळं, असं स्वतःला बजावत होते. चिमणीला ठाऊक होतं. त्याला तर होतंच. मग हे चाललं होतं कुणासाठी? — आणि खरं सांगायचं तर मला आवडत होतं ते, फार आवडत होतं.

तिनं वाकून अंडं खुराड्यातल्या गवतात ठेवलं. एक तांबूस कोंबडी आली, मान तिरकी करून त्याच्याकडे बघत थांबली, आणि पिसं फुलवून त्यावर बसली. चिमणीनं आईच्या ओढणीचं टोक मुठीत धरलं.

“ताटं घेतोय गं,” स्वयंपाकघरातून त्याची हाक आली.

“आले,” ती म्हणाली, आठवडाभराच्या त्याच गोड सुरात — आणि तो सूर तिला पहिल्यांदाच ऐकू आला.