सुरमई नावाची बाई

ऐका रे पोट्टेहो, कान उघडे ठेवा. आता जे सांगून राह्यली त्यातला एक बी शब्द खोटा निंघाला, तं माह्या तोंडात हे जे तीन दात उरले हायेत ते इथंच वसरीत गळून पडोत! हसू नका. अन्नाची शपथ हाये, नदीची हाये, अन् तुमच्या आज्याची बी हाये. तो तसाही मेला, आता त्याचं काय वाकडं होईन?

माहा मोठा भाऊ उकंडा. आमी भोई. पैनगंगेच्या काठाले घर, ढाणकीचा बजार तीन कोस. बाप मेलता, घरात माय, उकंडादादा, त्याची बायको मैना अन् मी, तुळसा. दादाचा हात असा का पान्यात घातला तं मासोळी सोताच येऊन बसे. एकदा त्याले एवढी मोठी वाम लागली का तिनं त्याले जाळ्यासकट ओढत नेलं, अन् खालच्या गावच्या घाटावर सोडलं. त्याचं धोतर पान्यातच राह्यलं. तिथल्या बायांनं त्याले लुगडं देलं नेसाले. लुगडं नेसून आला घरी. मैनावैनी चार दिवस हासली. लुगडं मंग मायनं वापरलं, हिरवं होतं.

मैनावैनी नदीपलीकडची, मोगलाईतली. तीन वर्सं झालती लग्नाले, लेकरू नव्हतं. पण दोघायचं असं होतं का दादा जाळं फेकाले गेला का ही काठावर उभी. तो म्हणे, "घरी जा ना वो, मासोळ्या भेतात तुले." ती म्हणे, "मासोळ्या भेत नाई, तुमी भेता, रिकामं जाळं मी पायतो म्हून."

माराष्ट्र झाल्याच्या दुसऱ्या वर्षाची गोष्ट. उमरखेडच्या बजारात एका मानसानं दादाले नायलॉनचं सूत दाखवलं. आमचं जाळं सुती. दर हप्त्याले झाडाची साल उकळून त्यात भिजवा, वाळवा, तरी सडे. हे सूत म्हणे सडतच नाही, अन् पान्यात दिसत नाही. कुठं भेटते? तं समुद्राकडं, रत्नागिरीकडं. झालं! दादाच्या डोक्यात तेच. पोळा झाला अन् कापसाच्या गठाणीच्या टरकवर बसून गेला. वैनीले म्हणे, "होळीच्या आत येतो."

दिवाळी झाली अन् डाकवाला कारड घेऊन आला.

आता दादाले लिवता येत नव्हतं. त्यानं तिकडच्या कोण्या मानसाकून लिवून घेतलं असन. अन् आमच्या अख्ख्या भोईपुऱ्यात वाचता येणारं मानूस कोण? मी! चवथी शिकत होती मी, बारा वर्साची पोट्टी. मायनं अंगणात पोतं टाकलं, मले त्यावर बसवलं. सारा पुरा जमा झाला. म्हाताऱ्या, लेकरं, एक बकरी बी होती. वैनी दारात उभी, पदर तोंडात.

मी वाचलं. मले ते कारड अजून बी पाठ हाये:

"तीर्थरूप आईस उकंडाचा साष्टांग नमस्कार. मी इकडे खुशाल आहे. परवा खोल दर्यात सुरमई हाती लागली. माझ्याएवढी उंच, अंग चांदीसारखे..."

मी थांबली. आता यवतमाळच्या बजारात बरफातली सुरमई येते, लेकरू बी ओळखते. तवा कोणाले मालूम? आमाले मरळ मालूम, वाम मालूम, शिंगाडा मालूम. साऱ्या जिंदगीभर मासोळ्या धरणारे आमी, अन् सुरमई म्हणलं तं काय, हेच मालूम नाही.

माय म्हणे, "सुरमई? हे काय वो? चांदीसारखं आंग म्हणते, मासोळी तं नसन?"

"असन बापा," शेजारची हंसाबाई म्हणे, अन् उठून लुगडं झटकाले लागली. बाकीचे बी उठाले लागले. मासोळीचं काय ऐकाचं, मासोळ्या तं रोजच्याच.

अन् मले काय झालं, देव जाने. एवढे लोकं माह्या तोंडाकडं पाहून राह्यले होते. असं कधी झालं नव्हतं. ते उठून चालले, अन् मले वाटलं, थांबले पायजेत. मी कारडाकडं पायलं अन् तशाच सुरात पुढं म्हणलं, "डोळे मोठे, काजळ घातल्यासारखे."

हंसाबाई मटकन खाली बसली.

कारडात ते नव्हतं. ते माहं होतं. सुरमा, काजळ, असं कायतरी डोक्यात आलं अन् जिभेवरून गेलं. त्याच्या पुढचं मातर सारं कारडातलं होतं, अक्षर न् अक्षर:

"दोन तास झोंबाझोंबी केली, हाताची सालटे निघाली, पण सोडली नाही. शेवटी मिठी मारूनच होडीत घेतली. इकडे सगळे सुरमईसाठी जीव टाकतात. हंगाम संपेपर्यंत येणे होणार नाही. मैनेस सांगावे, वाट बघू नये."

हंसाबाई म्हणे, "अगं माय माय! मिठी मारून?"

एक म्हातारी म्हणे, "झोंबाझोंबी केली म्हणते. म्हंजे तिच्या मनात नव्हतं."

"मनात नव्हतं तं मंग होडीत कायले बसली?" दुसरी म्हणे.

लोकं हासले बी. मी बी हासली. दारात पायलं तं वैनी नव्हती. आत चुलीम्होरं बसली होती, अन् चूल इझलेली.

त्या दिवसापासून तिनं मले रोज वाचाले लावलं. मी शाळेतून आली का म्हणे, "बाई, वाचा ना एक डाव." मी वाचो. डोळ्यापाशी आली का थांबो. ती म्हणे, "काजळ घातल्यासारखे. हो ना?" तिले सारं पाठ झालतं. मी एक दिवस ते गाळून पायलं, तं म्हणे, "राह्यलं, बाई, डोळ्याचं राह्यलं." मंग मी कधी गाळलं नाही. आता मांगं कसं फिराव? मायनं मले चामडं निंघेपर्यंत हानलं असतं. अन् खरं सांगू का, मले सोताले बी वाटाले लागलं होतं का हाये कोणी तशी बाई, चांदीच्या आंगाची.

कारडावर दादाचा पत्ता नव्हता. उलटून धाडाव तं कुठं?

एकदा वैनीनं मले इचारलं, "बाई, काजळ मले बी चांगलं दिसते का?" तिनं घातलं होतं. सारं पसरलं होतं. मी म्हणलं, "दिसते." अन् पळून गेली खेळाले.

पौषात तिचे भाऊ आले. पलीकडून डोंग्यात बसून आले, पानी बी नाही पेले. म्हणे, पंच बसवा. आमच्यात मोठा मानूस डोमाजीबुवा. त्यायनं नदीच्या वाळूत पंच बसवले. वैनीचा मोठा भाऊ म्हणे, "त्यानं तिकडं दुसरी केली. सोता लिवून धाडलं का वाट पाहू नोको. आमच्या बहिनीनं काय जलमभर तुमचं जाळं सुकवाव?"

माय म्हणे, "माहा लेक तसा नाही."

"मंग कारड कोणाचं हाये?"

डोमाजीबुवानं मले बलावलं. "वाच बाई. भिऊ नोको."

पंच बसले, पन्नास मानसं बसले, वाळू गार लागून राह्यली होती पायाले. मी वाचलं. "अंग चांदीसारखे" म्हणलं, अन् थांबली. म्हणलं आता नाही वाचाचं. आता सोडून देऊ. वैनीकडं पायलं. तिचे ओठ हालून राह्यले होते, माह्या म्होरं म्होरं, "डोळे मोठे..."

अन् मी वाचलं.

डोमाजीबुवानं डोकं खाजवलं. तो शहाना मानूस होता. म्हणे, "बरं, हे कारड ढाणकीच्या मास्तरले दाखवाव का एक डाव? पोरीची जात, काई चुकलं असन. दोन दिवसानं काई बिघडत नाही."

मले वाटलं, दाखवा, दाखवा बुवा. अन् वाटलं, नोका दाखवू.

तं वैनी उठली. बाईमानसानं पंचात बोलाचं नसते, पण ती बोलली. म्हणे, "मास्तर कायले पायजे? आमच्या बाई खोटं वाचत नाई. दोन महिने झाले ऐकून राह्यलो, एक शब्द इकडचा तिकडं नाई झाला."

मंग बुवानं तुराटी आणाले लावली.

आमच्यात काडी मोडली का नवराबायको सुटले. नवरा मोडते. तो नव्हता, म्हून डोमाजीबुवानं तुराटी मायच्या हातात देली. वल्ली होती का काय जाने. माय वाकवे, तुराटी वाके, मोडे ना. शेवटी वैनीच्या भावानं मायच्या हातावर हात ठेवून मोडली. वैनी मायच्या पाया पडली. माह्या बी पाया पडाले आली, नणंद म्हून. मी मांगं सरकली. डोंगा पलीकडं जायेपर्यंत मी वाळूतच उभी होती. तिनं इकडं पायलं नाही. पुढच्या महिन्यात तिचा पाट लागला, हदगावकडं, दोन लेकरायच्या बापासंग.

जेठ महिन्यात दादा आला.

भर दुपारी आला, ढाणकीहून पायी. काळा कुळकुळीत झालता. खांद्यावर नायलॉनच्या सुताचं बोचकं, हातात गोनपाटात गुंडाळलेलं काईतरी, त्याचा वास त्याच्या म्होरं कोसभर. अंगणात बसला अन् हाका मारल्या, "माय! तुळसे! मैना!" लोकं आले. सारे आले. पण लांब उभे.

"काय झालं बे, ओळखत नाही का?" दादा हासला. त्यानं गोनपाट सोडलं. आत खारवलेली, वाळलेली मासोळी. नुसतं शेपूट अन् थोडं आंग, तरी ते शेपूट सुपाएवढं.

"हे पाय माय," म्हणे, "हीच सुरमई!"

साऱ्यायनं मायकडं पायलं.

त्याले काय मालूम? तो सांगत बसला. समुद्रात दिवस न् दिवस जाचं, काठ दिसत नाही असं. होडी शिडावर पळते अन् मांगं लांब दोरी सोडाची, गळाले मासोळी लावून. "तांडेल, म्हंजे होडीचा म्होरक्या, म्हणे, तू नदीचा मानूस, तुह्यानं होत नाही. अन् दोरीले असा हिसका बसला माय, का मी गुडघ्यावर. दोरी हातातून अशी पळे का हाताचा धूर निंघे. तिचे दात करवतीवाणी. वढली, का पळे. वढली, का पळे. दोन तास! जवळ आली तं आकडा निसटला, मंग मीच वाकून मिठी मारली अन् दोघंही धप्पकन होडीत. माह्याएवढी, खरंच सांगतो. तांडेल म्हणे, आता तू दर्याचा झाला." त्यानं तळहात दाखवले. आडव्या पांढऱ्या रेघा होत्या, दोन्हीवर. "मैनाले दाखवाले हे शेपूट ठेवलं. बाकी तिथं लोकायनं खाल्लं. कुठं गेली ती? नदीवर?"

हंसाबाई पयली गेली अंगणातून. मंग एक एक करून सारे गेले. बकरी राह्यली.

मायनं सांगितलं. बसूनच, खाली पाहून सांगितलं. काडीचं, पाटाचं. अन् म्हणे, "तिले दिवस गेले हायेत रे बापा. आता तिकडं जाऊ नोको."

दादा सुताच्या बोचक्याची गाठ सोडे अन् बांधे. मंग म्हणे, "त्या कारडात काय होतं असं? तुळसे, आन. वाच."

मी आणलं. उभ्यानं वाचलं. "माझ्याएवढी उंच, अंग चांदीसारखे. दोन तास झोंबाझोंबी केली..." जसं लिवलं होतं तसं वाचलं. पयल्यांदा.

"वाट बघू नये" संपलं. दादा म्हणे, "मंग? बरोबर तं हाये. मासोळीचंच तं हाये सारं."

माय म्हणे, "अन् डोळ्याचं? काजळाचं राह्यलं ना वो वाचाचं."

तिच्या मनात काई नव्हतं. ती आपली आठवण देऊन राह्यली होती.

दादानं मायकडं पायलं. "काजळाचं? मी तं काजळाचं काई सांगितलं नव्हतं लिवाले."

मंग त्यानं माह्याकडं पायलं. मायनं बी पायलं.

मले वाटलं आता मारते. त्यानं नाही मारलं. उठला, माह्या डोक्यावर हात ठेवला, रेघा पडलेला तो हात, अन् म्हणे, "जाऊ दे तुळसे. समुद्रातली मासोळी, आपल्याइकडं कोण ओळखते?"

सकाळी उठलो तं तो नव्हता. नायलॉनचं सूत मायच्या उशाशी ठेवून गेला होता. मंग ना तो आला, ना कारड आलं. मायनं डाकवाल्याची वाट पाहून पाहून डोळे घालवले. त्या सुताचं जाळं कोणी इनलं नाही.

असं झालं ते. सारं खरं हाये, वामीचं बी, लुगड्याचं बी. दात पाहून घ्या, तीनही जागेवर हायेत.

फक्त एक. डोक्यावर हात ठेवला अन् "जाऊ दे" म्हणलं, ते नाही झालं. ते मी लावलं, लय वर्सं झाली लावून. त्यानं माह्याकडं पायलं, माह्या हातातून कारड घेतलं, घडी करून खिशात घातलं, अन् पाठ फिरवून बसला.