छातीवरचे दोन नंबर

षडाक्षरीच्या छातीवर त्या दिवशी दोन नंबर होते. वरचा त्याचा, शर्टावर टाचलेला. आत बनियनवर, कुणाला दिसू नये असा, बायकोचा. नंबराच्या कागदामागे बोटाएवढी चिप चिकटवलेली असते. पळणारा रेषेवरून गेला की यंत्राला कळतं, अमका गेला, इतक्या वेळात गेला. पाय कुणाचे होते ते यंत्र विचारत नाही. म्हैसूरच्या पळणाऱ्या मंडळींना ही युक्ती काही नवी नव्हती. कुणाचा गुडघा धरला, कुणाच्या घरी लग्न निघालं, की एखादा मित्र त्याची चिप खिशात घालून एकवीस किलोमीटर फिरवून आणायचा आणि पदक घरपोच करायचा. नियमात बसत नव्हतं, पण कुणाचं बिघडतही नव्हतं.

मंगलाचा गुडघा धरला नव्हता. तिच्या पोटातला कर्करोग यकृतात पोचला होता आणि डॉक्टरांनी श्रावणातच "आता घरीच ठेवा" म्हणून हात वर केले होते. दोघांची नावं त्याआधीच नोंदवून झाली होती, दरवर्षीसारखी. हे दहावं वर्ष.

सर्वमंगला हे तिचं पूर्ण नाव. पण एवढं लांब नाव घ्यायला म्हैसुरात कुणाला वेळ नव्हता असं नाही, तीच कुणासाठी एका जागी थांबत नसे. शाळेत असताना खो-खोत तुमकूर जिल्हा गाजवलेली बाई. संसार, मुलगी, मुलीचं लग्न, सगळं उरकून पंचेचाळिशीनंतर तिनं पुन्हा बूट चढवले. षडाक्षरी वीजखात्यातला माणूस. खुर्चीवर बसून बसून पोट पुढे आलेलं. तो तिच्या मागे निघाला, कारण पहाटे घरात एकट्याला कॉफी कोण देणार?

तर एकत्र पळणं म्हणतात ते हे. पळायची ती आणि मागून यायचा हा. चामुंडीच्या पायथ्याचा चढ आला की षडाक्षरी चालायला लागायचा आणि मंगला वर जाऊन, कमरेवर हात ठेवून, जागच्या जागी पाय हलवत त्याची वाट बघायची. पाण्याच्या प्रत्येक टेबलाशी तेच. शेवटची रेषा मात्र हातात हात घालून ओलांडायची, हा त्यांचा रिवाज. तसे नऊ फोटो फ्रिजवर ओळीनं चिकटवलेले होते. लोक म्हणायचे, काय जोडी आहे! षडाक्षरीला हे ऐकायला फार आवडायचं. जोडीतलं कोण कुणासाठी थांबतंय हे फोटोत येत नाही.

फिलोमिनाला मात्र ते दिसायचं. ही त्यांच्याच पळण्याच्या गटातली, मंगळूरकडची निवृत्त नर्स, जिभेला हाड नसलेली. "अगं मंगला, त्या पोत्याला सोड की एकदा रस्त्यात," ती षडाक्षरीसमोरच म्हणायची. "पन्नाशीपुढच्या बायकांत पहिल्या तिघींत येशील, लिहून देते."

"आणि पोत्याला घरी कोण आणणार?" म्हणून मंगला हसायची.

एकदा, फक्त एकदा, तिनं जेवताना विचारलं होतं, "अहो, यंदा मी पुढे जाऊ का? नुसतं बघते, किती होतंय ते."

"जा की. मी कुठे धरून ठेवलंय?" षडाक्षरी म्हणाला होता. आणि मग तीन दिवस घरात मीठ-पाण्यापलीकडे बोलला नव्हता. त्या वर्षीचा फोटोही फ्रिजवर आहे, हातात हात घातलेला.

शर्यतीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मंगलानं स्वतःच नंबराचा विषय काढला. पलंग आता पुढच्या खोलीत, खिडकीपाशी हलवला होता. तुमकूरहून धाकटी बहीण पंकजा येऊन राहिली होती. ती उशा नीट करत होती.

"माझा नंबर आलाय ना? तो पण न्या."

"तू नाहीस तर कागद नेऊन काय करू?"

"कागद नका नेऊ. मला न्या." ती दमून थांबली. बोलणंही आता तिला चढासारखं झालं होतं. "नेहमीसारखं जायचं. घाई करायची नाही. मी इथून येते तुमच्या बरोबर. आणि सगळं बघून या. तळ्यावर पेलिकन उतरलेत का? जयराम मास्तर गेटात उभे आहेत का, पळणाऱ्यांना चिक्की वाटत? आल्यावर मला सगळं सांगायचं, काय?"

"सांगतो."

"चढावर चाला. उगाच मर्दुमकी नको."

"कधी पळालोय का चढावर?"

"तेच म्हणते," मंगला म्हणाली, आणि दोघंही थोडं हसले.

पहाटे बूट बांधताना त्याला तिच्या श्वासातला आवाज ऐकू आला. आत कुठेतरी किल्ली फिरवावी तसा बारीक, घरघरता. काल नव्हता. तो बुटाची नाडी हातात घेऊन तसाच बसला. "मी नाही जात," तो पंकजाला म्हणाला.

"भावजी, रात्रभर ती तुमच्या शर्यतीचंच बोलत होती. जा तुम्ही. मी आहे."

मंगलानं डोळे न उघडता बोट हलवलं. निघा, असं.

ओव्हल मैदानातून झुंड सुटली तेव्हा षडाक्षरी आपल्या चालीनं, मागच्या लोकांत, कोपरं अंगाशी धरून निघाला. राजवाड्यापर्यंत सगळं नेहमीसारखं होतं. उजव्या बाजूला तेवढी जागा मोकळी वाटत होती, तिथून रोज एक आवाज यायचा, पाय उचला, मान वर. हार्डिंग सर्कलपाशी, कुणाचा तरी धापा टाकल्याचा आवाज मागून आला आणि त्याला ती किल्ली आठवली. आपण इथे रस्त्यावर, आणि तिकडे काही झालं तर? ती असतानाच पोचायला हवं. एवढं मनात आलं आणि पाय आपोआप लांब पडू लागले.

भीती माणसाला काय काय करायला लावते! ललितमहालच्या रस्त्यावर त्यानं एकामागून एक माणसं मागे टाकली. आता दमू, मग दमू म्हणत होता, दम काही जात नव्हता. चढ आला. वर नजर टाकली, तर कमरेवर हात ठेवून कुणी उभं नव्हतं. ज्याची वाट बघायला कुणी नाही त्यानं चालायचं तरी कशाला? तो चढावर पळाला. नऊ वर्षांत पहिल्यांदा. वर पोचला तेव्हा छातीत हवा नीट भरत होती, मांड्या तापल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर त्याला मजा आली. भीतीनं सुरू झालेलं पळणं कुठेतरी नुसतंच पळणं झालं होतं. बायको मरणाच्या दारात आणि आपल्याला हलकं वाटतंय, हे ध्यानात आलं तेव्हा त्याला स्वतःची किळस आली. ती किळस मागे टाकायला तो आणखी जोरात पळाला.

रेसकोर्स गेलं. रामस्वामी सर्कलच्या अलीकडे एका गेटातून कुणी तरी ओरडलं, "आज एकटेच?" त्यानं न बघता हात वर केला. तळ्याच्या काठचा रस्ता लागला तेव्हा त्याची नजर पुढच्या बाईच्या टाचांवर होती. पांढरे केस, निळी टोपी. ती फिलोमिना होती. मैदानाच्या फाटकापाशी त्यानं तिलाही गाठलं आणि ओलांडून पुढे गेला. तिनं "अरे!" म्हटलेलं त्याला ऐकू आलं.

रेषा ओलांडली. दोनदा टिक् झालं.

तो सरळ स्कूटरकडे निघाला होता. इडली-सांबाराच्या रांगेकडे त्यानं पाहिलंही नाही. तेवढ्यात पोन्नप्पानं त्याला दंडाला धरून थांबवलं. पोन्नप्पा कोडगूचा, म्हणजे कूर्गचा, फौजेतून आलेला, गटाचा म्होरक्या. शर्यतीचे निकाल तोच सांभाळत होता.

"षडाक्षरी, वेड्या, हे काय केलंस? मंगलाक्का तिसरी आली! पन्नाशीपुढच्या बायकांत!"

षडाक्षरीला आधी काही कळेना. मग त्याचा हात आपसूक बनियनकडे गेला. मंगलाची चिप नेहमीच्या चालीनं यायची होती, मागच्या घोळक्यात, कुणाच्या नजरेत न भरता. आजवर दुसऱ्याची चिप घेऊन पळालेला कुणीही बक्षिसात आला नव्हता. हा आला होता, तोही बायकांच्या.

"काढून टाक ते नाव," तो म्हणाला.

"राहू दे रे." पोन्नप्पाचा आवाज खाली आला. "कोण विचारतंय? नऊ वर्षांत तिला मिळायलाच हवा होता कप. उशाशी ठेव तिच्या. बघू दे तिला."

षडाक्षरी क्षणभर थांबला. कप उशाशी ठेवलेला त्याला दिसलाही. मग त्यानं वळून पाहिलं, तर फिलोमिना गुडघ्यांवर हात टेकून उभी होती. चौथी तीच होती.

"काढ," तो पुन्हा म्हणाला. "तिला दुसरीच्या ताटातलं नको असेल."

"काढलं तर नावापुढे 'अपात्र' लागतं. यंत्रच लावतं."

"लागू दे."

फिलोमिनाच्या कानावर सगळं गेलं होतं. ती जवळ आली. रागावली असती तर बरं झालं असतं, पण तिचे डोळे भरले होते. "मला तुमचा कप नकोय, षडाक्षरी सर. एकच सांगा. तुम्हाला एवढं पळता येत होतं?"

त्यानं गळ्यातलं पदक मुठीत धरलं.

"मग नऊ वर्षं तिच्या गळ्यात का पडून राहिलात हो?" ती म्हणाली. "आता पळालात. बैल गेला नि झोपा केला. जा, घरी जा आधी."

सरस्वतीपुरमपर्यंत मैदानापासून स्कूटरनं जायला वेळ तो किती लागणार, पण त्याला तो संपेना. गळ्यात एकच पदक होतं. बनियनमधला कागद घामानं पोटाला चिकटला होता.

दार पंकजानं उघडलं आणि ती दचकलीच. "एवढ्यात? भावजी, अक्का अजून..."

"काय झालं तिला?"

"काही नाही, आहे. पहाटेपासून डोळे मिटून पळतेय." पंकजा हसायला गेली, पण तिला हसू आलं नाही. "मध्येच म्हणते, राजवाडा आला. मध्येच म्हणते, टेबल आलं, पाणी दे. मी चमच्यानं देत होते. आत्ता फोन वाजला तेव्हा डोळे उघडले."

मंगला जागी होती. फोन तिच्या छातीवर पालथा पडला होता. श्वासातली किल्ली तशीच फिरत होती.

"आलात?"

"आलो."

"फोनवर आलंय, मी पोचले म्हणून. तिसरी आले म्हणून." ती सावकाश, एकेक शब्द उचलून ठेवत होती. "अभिनंदन म्हणतायत."

"मंगला, ते मी..."

"मी अजून ललितमहालच्या रस्त्यावरच होते हो."

षडाक्षरी पलंगाच्या कडेवर बसला. "सकाळी तुझा श्वास ऐकला," तो म्हणाला. "जीव थाऱ्यावर नव्हता माझा. लवकर पोचावं म्हणून पळालो. दुसरं काही मनात नव्हतं गं." शेवटचं वाक्य खोटं होतं आणि ते बोलताना त्याला चढावरची ती हवा आठवली.

"पेलिकन आलेत?"

"आले..." तो म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. तेहतीस वर्षांच्या संसारात तिला त्याचं खोटं ओळखायला कधी डोळे उघडावे लागले नव्हते, आणि आता तर उघडेच होते.

"नाही बघितलं," तो म्हणाला.

"मास्तर?"

"होते बहुतेक."

"बहुतेक," ती म्हणाली आणि हसली. हसता हसता तिला ठसका लागला, पंकजानं पाठीला हात लावून तिला धरलं. तिनं ठसका ओसरू दिला. मग म्हणाली, "मी तुम्हाला एकदाही मागे टाकलं नाही हो."

त्यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर षडाक्षरीनं ती अंगावर घेतली असती, रडला असता, पाय धरले असते. ती नुसतं जे होतं ते सांगत होती, आणि त्याला काय करावं ते सुचेना. तो तसाच, घामेजल्या शर्टात, पायातले बूट न काढता बसून राहिला.

"थांबा आता," मंगला म्हणाली. "मला येऊ दे."

तिनं डोळे मिटले. षडाक्षरीनं तिचा हात हातात घेतला. त्यात आता वजनच उरलं नव्हतं. फोन थरथरला. तिच्या नावापुढे 'अपात्र' लागलं होतं. त्यानं तो पुन्हा पालथा घातला.

"चढ," थोड्या वेळानं ती पुटपुटली. "चालतेय हं मी."

"चाल. सावकाश. मी आहे वर."

पंकजा कॉफी ठेवून गेली. बाहेर रस्त्यावरून गळ्यात पदकं घातलेली माणसं हसत-बोलत आपापल्या घरी परतत होती.

"रेसकोर्स," मंगला म्हणाली.

"हो. आलं."

त्यानंतर ती काही बोलली नाही. बोटं सैल पडली, श्वास मात्र चालू होता, तसाच घरघरत, मध्येच थांबून पुन्हा. ती मास्तरांच्या गेटापाशी होती की तळ्यावर पोचली होती, हे षडाक्षरीला कळेना. हाक मारावी तर तिची लय मोडेल, म्हणून विचारवेना. कॉफीवर साय धरली. तो तिचा हात धरून रेषेच्या अलीकडे वाट बघत बसला.