मुलाखत घेणाऱ्याचं नाव

"ब्याण्णवपैकी ब्याण्णव फॉर्मांत 'नाही'!" ठवकर सरांनी कपाळावर हात मारला. "गावात शिवाशिव औषधालाही नाही. मग शालिकराम, आपण हा प्रकल्प कशासाठी करतोय?"

दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी असलेली तुळसाबाई फिस्सकन हसली. हसू आवरायला तिनं तोंडाला पदर लावला, पण हसू कुठलं आवरतंय!

"काय झालं, तुळसाबाई?" सरांनी विचारलं.

"काई नाई सर. पण चोराच्या घरी जाऊन कोणी इचारते का, चोरी केली का म्हणून? तो हो म्हनन का?"

हे १९७६ सालचं. खेड्यांतल्या समतेवर विद्यापीठानं संशोधन काढलं होतं आणि आमच्या विभागाकडे चाळीस प्रश्नांचा छापील फॉर्म आला होता. मी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो, म्हणजे जगातलं सगळं कळण्याच्या वयात. गाव मीच निवडलं, नागपूरजवळच्या वाडीच्या पुढे अमरावती रोड सोडून तीन कोस आत, माझ्या मामाचं. कारण शास्त्रीय होतं, मामीच्या हातचा वडाभात. मामीनं पोटभर वाढलं आणि सख्ख्या भाच्याला सांगितलं, "शिवाशिव? नाई गा, आता कुठी रायली ते?" मी 'नाही'वर खूण केली. मामाच्या ओट्यावर लहानपणापासून काय चालतं ते या डोळ्यांनी पाहिलेलं असूनही केली. आजही ते आठवलं की मला माझीच लाज वाटते.

तुळसाबाई आमच्या विभागाची शिपाईण. पंधरा वर्षं झाडणं, पाणी भरणं, कागद या खोलीतून त्या खोलीत नेणं. शिक्षण चौथी, अक्षर माझ्याहून बरं.

"मग काय विचारायचं?" सर खुर्ची पुढे ओढून बसले.

"पंगतीचं इचारा. लग्नात बोलावता का, असं नाई. शेवटची पंगत कवा उठली, तिच्यात कोन होतं, ताटं कोनाची होती, असं."

सर तिच्याकडे पाहतच राहिले. "तुम्ही चला आमच्याबरोबर. तुम्हीच विचारा."

तुळसाबाईनं तांब्या टेबलावर ठेवला. फॉर्मच्या तळाशी एक ओळ होती, 'मुलाखत घेणाऱ्याचे नाव'. तिच्यावर बोट ठेवून ती म्हणाली, "इथी माह्यं नाव लिवान तं येतो. पंधरा साल दुसऱ्याच्या नावाचे कागद वाहून रायली मी."

"लिहू," सर म्हणाले.

पुढच्या रविवारी जीप मामाच्या दारात थांबली. पांढऱ्याशुभ्र लुगड्यातली तुळसाबाई उतरली आणि मामीला वाटलं, नागपूरची मास्तरीण आली. मामी तूर निवडत होती. तुळसाबाईनं फॉर्म मांडीखाली घातला, समोर बसली आणि न विचारता मूठभर तूर आपल्यापुढे ओढून निवडायला लागली. मी ओसरीवर पेपर वाचण्याचं नाटक करत होतो.

"पोरीचं लगन झालं म्हनते औंदा?"

"झालं ना वं माय! हजार मानूस जेवलं."

"बौद्धपुऱ्यातल्या बायाबी आल्या असतीन?"

"आल्या. बोलावतो ना आमी."

"कोन्त्या पंगतीले बसल्या?"

"पंगतीले कायच्या? समदे उठल्यावर, मांगच्या अंगनात. ताटं घरूनच आनतात त्या."

हे मामीनं इतक्या सहज सांगितलं, की माझ्या हातातला पेपर खाली आला. चाळीस प्रश्नांनी जे निघालं नाही, ते तुरीतल्या खड्यासारखं निघालं होतं.

तुळसाबाईचे हात थांबले. "रुखमाबाई, आता माह्यं नाव आयका. तुळसाबाई गजभिये. मी बौद्धाची हावो. तुमी सांगतलं ते लिवू का नाई, ते आता सांगा."

मामीची नजर तुरीवर गेली. दोन ढीग होते, एक तिनं निवडलेला, एक तुळसाबाईनं.  मामीनं विचारलं, "मंग माह्यी तूर काहून निवडली वं तू?"

"हात रिकामे होते."

मामीला एकदम हसू फुटलं. तुळसाबाईही हसली. मामीनं दोन्ही हातांनी दोन्ही ढीग एकाच सुपात ओढले आणि म्हणाली, "लिव. माह्यं नाव लिव अन् तुह्यंबी लिव. या शाल्याले काई सांगतलं नाई मी, तुले सांगतलं."

त्या दिवशी तुळसाबाईनं अकरा फॉर्म भरले. ती बायकांच्या घोळक्यात इतकी रमली की जीपचा हॉर्न तीनदा वाजवावा लागला.

घोड्यानं पेंड खाल्ली ती बडेबाबूंपाशी. हेडक्लार्क मधुकररावांनी चष्म्यावरून पाहून सांगितलं, "मुलाखत घेणारा पदवीधर पाहिजे. शिपायाच्या नावाचे फॉर्म बाद होतीन. शालिकराम, तू टाक आपलं नाव, झालं."

मी पेन काढलंही. पण मामीचं 'तुले सांगतलं' कानात वाजलं, आणि मी फॉर्म उचलून सरांकडे गेलो. सर भडकले. "नावंच खोटी लिहायची, तर खोटी उत्तरं काय वाईट होती?" दोन महिने ते विद्यापीठात खेटे घालत राहिले. तुळसाबाई रोज झाडायची, पाणी भरायची, पण त्याबद्दल चकार शब्द विचारायची नाही.

पुढच्या वर्षी अहवाल छापून आला. प्रती वाटायला तुळसाबाईच निघाली, काखेत गठ्ठा आणि वर डाक वही. न राहवून मीही मागोमाग गेलो. मधुकररावांनी प्रत घेऊन टेबलावर टाकली आणि सवयीनं सहीसाठी पेन उघडलं. तुळसाबाईनं डाक वही पुढे केलीच नाही.

"आधी सातवं पान पाहा, बाबूजी."

त्यांनी पान काढलं. मुलाखत घेणाऱ्यांच्या यादीवरून त्यांचं बोट खाली सरकत गेलं आणि एका ठिकाणी थांबलं.

"मोठ्यानं वाचा ना," तुळसाबाई म्हणाली.

"तुळसाबाई देवाजी गजभिये," मधुकररावांनी वाचलं. मग म्हणाले, "छान छापलं आहे."

तुळसाबाईनं डाक वही उघडून त्यांच्यापुढे ठेवली. "आता करा सही."

त्यांनी सही केली. ती नीट आहे ना हे पाहून तुळसाबाईनं वही मिटली, आणि गठ्ठा सावरत पुढच्या खोलीकडे निघाली.